मेतेओरिस्मोस

कालाम्बाकाच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले
तेव्हा मोठा उपास चालू होता, ईस्टरला सतरा दिवस.
सगळं गाव काबुली चण्यांवर आणि पांढऱ्या घेवड्यावर,
आणि माझ्या बाकावर सगळं गाव
पोट धरून.

त्यात पोलिक्सेनी. अठ्ठ्याहत्तर वर्षांची.
काळ्या स्कर्टचा हूक लागेना
म्हणून कमरेला सुतळी.
"वारा धरलाय," ती म्हणाली, "काढून टाक लवकर,
बकऱ्या आहेत घरी."

झोपवलं. डावा पंजा पोटावर,
त्याच्या मधल्या बोटावर उजव्याचं बोट आपटलं.
बेंबीभोवती टणटण. नगाराच.
कागदावर लिहिलं : मेतेओरिस्मोस.
तिनं मान उचलून वाचलं, चष्म्याशिवाय.
"हे काय, आमच्या मठांचं नाव?"

खिडकीबाहेर ते होतेच,
सुळक्यांच्या डोक्यावर, मेतेओरा.
मी पिरेअसची, बंदरातली,
मला अजून ते पोस्टकार्डासारखे दिसायचे.

मग मी शिकवायला लागले. तेव्हा मला फार येत होतं.
म्हटलं, आजी, मूळ एकच. मेतेओरोस :
उचललेलं, जमिनीवरून सुटलेलं.
मठ तसे, तुटता तारा तसा,
आणि आतड्यातला वारा पोट वर उचलतो
म्हणून तोही.

"म्हणजे अधांतरी," ती म्हणाली.
"तसं सांग की.
माझा बाप असायचा तसा.
तेव्हा पायऱ्या नव्हत्या. जाळ्यात बसायचं,
वरचे साधू रहाट फिरवायचे.
पीठ जायचं, तेल जायचं, बाप जायचा.
बायकांना वर बंदी, मी नि आई खाली.
मला शंभरपर्यंत मोजता यायचं,
शंभर संपायचे, बाप पोचायचा नाही.
जाळं गरगर फिरायचं,
एकदा तोंड दिसायचं, एकदा जोड्यांचे तळवे.

एकदा रहाट अडकला.
दुपारपासून लटकला होता.
तिथून ओरडला, काळीला बाहेर बांधू नका,
रात्री पाऊस आहे.
आई म्हणाली, बघा,
देवाच्या इतक्या जवळ गेला
आणि बोलला ते शेळीबद्दल."

हसली. हसताना पोट हललं,
आणि ते हलणं मला आवडलं नाही.

कुशीच्या बाजूला बोट आपटलं.
बद्द.
ओल्या मातीच्या भिंतीसारखं.
म्हटलं, डाव्या कुशीवर वळा.
वळली. थांबले. पुन्हा आपटलं.
जिथे बद्द होतं तिथे आता टणटण,
बद्दपणा खाली सरकून बसलेला.

जुन्या वैद्यांनी दोन पोटं वेगळी केली होती.
कोरडं ते तिंबानो, नगारा.
ओलं ते आस्कोस, पखाल.
या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी होते.

"आवाज बदलला," पोलिक्सेनी भिंतीकडे तोंड करून म्हणाली.
"बघते आहे मी."
"चाळीस वर्षं बकरीच्या कातड्यात चीज भरतेय,
भरलेलं काय, रिकामं काय,
मला नको सांगूस."

लिहिलेल्या शब्दावर रेघ मारली.
दुसरा लिहिला नाही.
लिहिलं : त्रिकाला, जिल्हा रुग्णालय, सोनोग्राफी, आजच.

ती सुतळी बांधायला लागली.
गाठ तिच्याच्यानं बसेना, मी बांधली, सैल.
काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं,
मग वडील उतरले कसे?
"अंधार पडल्यावर. आसाला लोणी चोळलं साधूंनी.
उपासाचं लोणी, म्हणजे पाप कोणाचं
यावर पुढे भांडणं झाली.
मी विचारलं, वरून काय दिसलं?
म्हणाला, तुझी आई. एवढीशी."
आणि तिनं चिमटीत दाखवलं,
चण्याएवढं.

दारात थांबली. "बस?"
दोन दहाची.
"दूध पाचला काढावं लागतं."

परतीची वेळ भिंतीवर लिहिलेली होती,
माझ्या डोक्याच्या मागे.
मी वळून पाहिलं नाही.